वरचं खोकं

आईबरोबरचा माझा शेवटचा साधा दिवस बुटांच्या दुकानात गेला. त्या दुकानात ती अडतीस वर्षं कामाला होती. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाली, पण त्या संध्याकाळी आत शिरल्या शिरल्या तिनं सवयीनं आपली पर्स काउंटरखाली सरकवली, आणि मग स्वतःशीच हसून परत उचलली.

निमित्त माझं होतं. मी काम करते त्या ग्रंथालयातल्या सहाजणींनी पाच किलोमीटरच्या शर्यतीत नावं घातली होती आणि सातवं नाव माझं, मला न विचारता. वय त्रेचाळीस, तळवे सपाट, पळायची मनाई शाळेत असल्यापासून. मी हे आईला फोनवर विनोद म्हणून सांगितलं. "मी आपली कडेकडेनं चालत जाईन," म्हटलं. ती हसली नाही. 

"बूट मी बघते," ती म्हणाली. "संध्याकाळी ये. सकाळचा पाय खोटं बोलतो."

हे तिचं जुनं वाक्य. दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो, पसरतो. माप तेव्हाचं खरं.

दुकानात खिळेकाका होते. मागच्या खोलीत दुरुस्ती आणि बुटाच्या आतल्या गाद्या, म्हणजे इनसोल, करायचं काम त्यांचं. तोंडात पाच-सहा खिळे धरून त्यांच्याआडून बोलायची सवय, म्हणून हे नाव. आईला ते 'बाई' म्हणायचे, सगळं दुकानच म्हणायचं.

"बाई, तुम्ही? मला वाटलं, विसरलात आम्हाला."

"आधी खिळे काढा तोंडातले. चेहरा दिसला तर ओळखीन."

"चेहऱ्यात काय ठेवलंय? तुम्ही माणसं पायावरून ओळखता."

"म्हणून तर म्हटलं. तुमचे पाय अजून तसेच फेंगडे आहेत."

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. बहात्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी. स्टूल घे म्हटलं तर ऐकलं नाही. माझे रोजचे बूट उलटे करून तिनं टाचांची झीज पाहिली. आतल्या कडा जास्त झिजल्या होत्या. ती झीज ती अंगठ्यानं पुन्हा पुन्हा चाचपत राहिली, जणू कुणी लिहिलेली ओळ नीट लागत नव्हती.

खिळेकाकांनी पहिला जोड आणला. "सपाट तळव्याला हाच. आतली बाजू कडक केलेली आहे, घोटा आत कलंडत नाही."

आईनं बुटाची आतली बाजू दाबली, मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवून पाहिला. "ही फळी आहे. हिला नको."

"अहो बाई, सपाट पाय म्हटल्यावर—"

"मला सांगताय?"

"तुम्हाला कोण सांगणार! सांगणारा अजून जन्मायचाय."

मीच मध्ये बोलले. "पण आई, माझे तळवे सपाट आहेत ना?"

ती माझ्या बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "सपाट आहेत म्हणून पायात दगड बांधायचा का?"

दुसरा जोड बोटांपाशी आवळत होता. तिसरा करड्या रंगाचा. तो मधोमध दुमडला नाही, बोटांपाशीच वाकला. टाच हलली नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली. "पळून दाखव," ती म्हणाली.

"इथे?"

"मग काय आकाशात?"

मी कपाटांच्या मधल्या वाटेनं दारापर्यंत पळाले आणि परत आले. ती जमिनीवरूनच बघत होती, माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. "परत," म्हणाली. मी परत पळाले. मग तिसऱ्यांदा. तिचा कामाचा चेहरा मला पाठ होता, पण तो हा नव्हता. "पुरे," ती म्हणाली, आणि तिला उठवायला आम्ही दोघं लागलो. "लोकांचे पाय सांभाळता सांभाळता स्वतःच्या गुडघ्यांची माती केली," असं काहीतरी पुटपुटली.

"आता छाप घेतो," खिळेकाका म्हणाले. "परवापर्यंत गादी तयार."

"छाप मी घेईन. घरी."

"इथे पाणी आहे, कागद आहे, पोरगी उभी आहे. घरी कशाला?"

"म्हटलं ना, घरी."

काकांनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले. मायलेकींच्या मध्ये पडू नये एवढं त्यांना कळत होतं.

परतताना बसमध्ये ती बुटांचं खोकं मांडीवर घेऊन बसली. मी मागितलं तर म्हणाली, राहू दे माझ्याकडे, उद्या गादी बेतते. खूप वेळानं तिनं विचारलं, "तुमचे ते खेळाचे सर आहेत का गं अजून?"

"काय माहीत."

"उंच होते," ती म्हणाली. तेवढंच. उतरताना मला म्हणाली, "दहाला ये. आणि पाय धुऊन ये बाई, आता मी धुणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी दहा मिनिटं उशिरा पोचले. बेल वाजवली, मग माझ्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर नंतर म्हणाले, फार त्रास झाला नसावा. असं ते सगळ्यांनाच सांगत असावेत.

त्या खोलीतलं बाकी सगळं मला लख्ख आठवतं. जमिनीवर खाकी कागदाचे दोन ताव, कोपऱ्यांवर बुटांचे लाकडी साचे ठेवलेले, कागद उडू नयेत म्हणून. शेजारी पसरट ताटात पाणी. खुर्चीच्या पायाशी माझे नवे करडे बूट, शेजारी शेजारी. स्वयंपाकघरातलं स्टूल कपाटाजवळ. लोक येणार म्हणून मी पाणी ओतलं, कागद गुंडाळले, स्टूल जागेवर नेऊन ठेवलं. घरात माणूस गेलं की बायका पहिल्यांदा पसारा आवरतात. मीही आवरला. काय आवरते आहे, ते पाहिलं नाही.

आता जे सांगायचं ते जुनं आहे.

चौदाव्या वर्षी मी शाळेत सगळ्यांत जोरात पळायचे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आयुष्यात दुसरी कुठलीच गोष्ट मी सगळ्यांपेक्षा चांगली केली नाही, म्हणून ही लक्षात आहे. खेळाच्या सरांनी माझं नाव दुसऱ्या शहरातल्या क्रीडा वसतिगृहासाठी पाठवलं. निवड झाली. दोन वर्षं तिथेच राहायचं, तिथेच शाळा. एक तपासणीचा अर्ज होता, त्यात पायांचा एक रकाना. आमच्या गावात पायांबाबत आईचा शब्द शेवटचा असे. डॉक्टरसुद्धा लहान मुलांना तिच्याकडे पाठवत. सर तो अर्ज घेऊन थेट दुकानात आले.

आईनं माझी छाप त्यांच्यापुढे ठेवली. ओला पाय खाकी कागदावर टेकवायचा आणि ओल सुकायच्या आत पेन्सिलनं तिची कड काढायची, ही तिची पद्धत. ज्याच्या पायाला कमान आहे त्याची छाप मध्ये बारीक होते. माझी टाचेपासून बोटांपर्यंत सलग होती.

"फळी आहे," आई म्हणाली. "आत्ता पळेल. पंचविशीत गुडघे जातील."

सरांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस?" त्यांनी मला विचारलं. मला. मोठ्या माणसांपैकी फक्त त्यांनी.

मी आईकडे पाहिलं. वडील त्याच वर्षी गेले होते. म्हणजे वारले नव्हते, गेले होते. दोन बॅगा घेऊन, एका रविवारी दुपारी. तेव्हापासून आई जेवताना माझ्याकडे बघत बसायची, मी शेवटचा घास घेईपर्यंत.

"बरं," मी म्हटलं.

माझ्या जागी दुसरी मुलगी गेली. तिचंही पुढे काही विशेष झालं नाही. पण ती गेली.

त्या दिवसापासून आईनं दर वाढदिवसाला मला गाद्यांचा एक जोड करून दिला. मी कुठेही राहत असले तरी तो पोचायचा, पातळ कागदात गुंडाळून. त्याबद्दल मी तिची ऋणी होते. मैत्रिणींना सांगायचे, माझ्या आईनं मला पायांवर उभं ठेवलंय. माझे गुडघे अजून शाबूत आहेत हे मी तिच्या नावावर मांडलं होतं. ज्या आईनं आपल्याला एका गोष्टीपासून वाचवलं, तिच्यापाशी त्या गोष्टीचं दुःख कसं मागायचं? मी कधीच मागितलं नाही. मग मागावंसं वाटणंही थांबलं.

आई गेल्यावर शर्यत होऊन गेली. मी गेले नाही. पण करडे बूट दाराशी दिसत राहायचे. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मी ते पिशवीत घालून दुकानात गेले.

खिळेकाकांनी स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाले, "पायातली जुनी गादी काढ बघू. तिच्यावरून बेततो."

मी काढून दिली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, मध्ये दाबली, उलटी केली, परत दाबली.

"ही कुणी केली?"

"आईनं. यंदाची."

"बाईंनी नाही केली."

"काका, तिनंच केली. दर वाढदिवसाला एक. ही एकोणतिसावी."

"कापू?"

मी मान हलवली. त्यांनी पातळ सुरी बरोबर मधून फिरवली आणि कापलेली कड माझ्यासमोर धरली. वर चामडं, मध्ये फेल्टचा, दाबलेल्या लोकरीचा, एक पापुद्रा, खाली चामडं. बस्स.

"सपाट पायाच्या गादीत कमानीखाली कॉर्क लागतो," ते म्हणाले. "सगळा जीव त्यातच. ह्यात काहीच नाही. नुसतं मऊ."

"घालायचा राहिला असेल."

"एकोणतीस वेळा?"

त्यांनी खाकी कागद अंथरला, ताटात पाणी ओतलं. मी पाय ओले करून कागदावर उभी राहिले आणि बाजूला झाले. छाप सलग उमटली होती, चौदाव्या वर्षी होती तशीच.

"फळी," मी म्हटलं.

"हं. ते वरचं खोकं काढ गं जरा."

"कुठलं?"

"निळं. सगळ्यात वरच्या फळीवरचं."

मी टाचा उचलून हात ताणला, बोटांनी खोक्याची कड पकडली, खाली घेतलं. अगदी हलकं होतं, रिकामं. वळून पाहते तो काका जमिनीवर कान टेकायच्या बेतात, माझ्या पायांकडे बघत.

"उठते की कमान!" ते म्हणाले. "अशी छान उठते."

"म्हणजे काय?"

ते उठून बसले. एरवी थट्टेतच बोलणारा माणूस, पण हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. उभं राहिलं की माझा तळवा टेकतो, पण चवड्यावर चढलं की कमान उभी राहते. असे पाय कितीतरी जणांचे असतात. दुखत नसेल तर काही करावं लागत नाही. चांगला बूट, फार तर मऊ गादी. चवड्यावर चढूनही तळवा ताठ, सपाटच राहिला तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टर.

"आणि पळणं?"

"पळायला काय धाड भरलीय?"

"मग खोकं कशाला?"

"पोरांना चवड्यावर उभं राहा म्हटलं की ती बिचकतात, अंग ताठ करतात, पाय खरा दिसत नाही. खोकं काढायला सांगितलं की आपोआप चढतात. ही आमच्या बाईंची युक्ती. मला त्यांनीच शिकवली. दुकानाला रंग दिला तेव्हासुद्धा हे निळं खोकं हलवू दिलं नव्हतं त्यांनी." ते हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. "तुला पळायला कुणी मना केलं होतं का?"

"आईनं."

त्यांनी तोंडातले खिळे एक एक करून काढले आणि डबीत ठेवले. सगळे ठेवून झाल्यावर म्हणाले, "खोकं न काढायला लावता?"

मी हातातल्या खोक्याकडे पाहिलं. निळा रंग कडांना पांढरा पडला होता. चौदावा वाढदिवस, शाळेतून परस्पर दुकानात आलेली मी, ओले पाय, खाली खाकी कागद, आणि आईचा आवाज: ते वरचं खोकं दे गं. मी ते दिलं होतं. तिच्या हातात. मला तर वाटलं होतं, वाढदिवसाचं काही असेल आत.

"नाही," मी म्हटलं. "लावलं होतं."

काका बराच वेळ सुरी पुसत राहिले. "इतक्या जुन्या गोष्टी नीट आठवत नाहीत माणसाला," ते म्हणाले. "बाईंनी कागद कधी फेकला नाही. घरी असतील. बघ एकदा." आणि मग, मी निघताना, दुसरीकडे बघत, "किंवा नको बघू."

आईचं घर अजून रिकामं केलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच तिथे काही शोधायला आले होते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात एका जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात माझे पाय होते, सहाव्या वर्षापासूनचे. प्रत्येक कागदावर कोपऱ्यात तारीख, तिच्या उभ्या, टोकदार अक्षरात. पाय मोठे होत गेले होते. चौदाव्या वाढदिवशी थांबले. "आता वाढ संपली, छाप कशाला," ती म्हणायची.

चौदाव्या वर्षाचे दोन कागद होते. तारीख एकच. पहिल्यावर सलग छाप. हाच सरांनी पाहिलेला. दुसऱ्यावर फक्त चवडे आणि दहा बोटं. टाचा नाहीत, मधला भाग नाही. अर्धा कागद कोरा. आणि त्याखाली, ती दुकानात शेकडो मुलांच्या आईबापांना लिहून द्यायची तेच दोन शब्द: पळू द्या.

तो कागद हातात धरून मी जमिनीवर बसले. मी पुस्तकांत आयुष्य काढलेली बाई आहे. माणसं असं का वागतात याची कारणं मला ढिगानं सुचतात. नवरा गेलेला. पोरगी निघालेली. रिकाम्या घरात एका ताटावर बसायची भीती. सगळं कळतं. ह्यातलं एकही कारण तिनं मला सांगितलं असतं, "जाऊ नकोस, मला एकटीला जमणार नाही" एवढंच म्हणाली असती, तरी मी राहिले असते. कदाचित रडले असते, पण राहिले असते. ते तिनं मागितलं नाही. तिनं माझ्या पायांत खोट काढली. आणि मग एकोणतीस वर्षं त्या नसलेल्या खोटीवर औषध पाठवत राहिली, आत काही न घालता. कारण निरोगी पायाला कॉर्क टोचतो, बिघडवतो. पायाशी ती खोटं बोलली नाही. कागदाशीही नाही. फक्त माझ्याशी बोलली.

उठले तेव्हा पाकीट वर ठेवायला म्हणून मान उचलली. कपाटाच्या माथ्यावर, अगदी कडेला, एक खोकं होतं. करड्या बुटांचं.

त्या सकाळी बूट खुर्चीपाशी होते, खोक्याशिवाय. खोकं कुठे गेलं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आणि कपाटाजवळचं स्टूल. त्या गुडघ्यांनी ती स्टुलावर चढली होती. जमिनीवर ताव दोन होते, एक नाही. चौदाव्या वर्षासारखेच.

ती मला खोकं काढायला लावणार होती, एवढं खरं. त्यानंतर काय करणार होती? वळून माझ्या तोंडाकडे बघून सगळं सांगणार होती? की पुन्हा एकदा गुपचूप कड काढून, तारीख घालून कागद पाकिटात सरकवणार होती? बसमध्ये तिला सरांची उंची आठवली होती. त्यावरून मी माझ्या सोयीचा अर्थ काढू शकते. काढणार नाही. दहा मिनिटं उशीर मला झाला होता, हे मी दोन महिने उराशी धरून बसले होते. तिला एकोणतीस वर्षं झाला होता.

मी चपला काढल्या. कपाटापाशी उभी राहिले. टाचा उचलल्या, हात ताणला, आणि पायाखाली ती जागा जमिनीपासून सुटलेली मला आयुष्यात पहिल्यांदा जाणवली. खोकं खाली आलं. आत बुटांभोवतीचा पातळ कागद होता, दुसरं काही नाही.

खिडकीजवळची खुर्ची तशीच होती. मी तिच्याकडे तोंड केलं. त्या दुकानात सरांनी विचारलं होतं तेव्हा अशीच खोलीएवढी शांतता होती, आणि मी तिच्यात 'बरं' एवढा एक शब्द टाकून मोकळी झाले होते. माझाच आवाज मला परका वाटला, पण मी तो थांबवला नाही.

"बरं नव्हतं," मी म्हटलं. "मला पळायचं होतं, आई. मला जायचं होतं. आणि तुला माहीत होतं."